संदर्भ क्रमांक बारा

आमचे संपादक सर कुणालाही पहिला प्रश्न एकच विचारायचे. "मूळ गाव कोणतं?" नाव, काम, सगळं नंतर. बँकेत नवा आलेला कॅशियर, दवाखान्यात इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर, कुणीही त्यातून सुटायचं नाही. एकदा एका माणसाचा चुकून सरांना फोन लागला. त्याला घरमालकाशी बोलायचं होतं. सरांनी गाव विचारलं, त्यानं औसा सांगितलं, आणि पुढची दहा मिनिटं दोघं औशाच्या कुठल्यातरी विहिरीबद्दल बोलत बसले. तो माणूस नंतर दर दिवाळीला फोन करायचा.

म्हणून मी त्यांना संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेशी बोलायला शिकवलं, तेव्हा एका बोटानं टकटक करत त्यांनी काय लिहिलं असेल ते वेगळं सांगायला नको. "नमस्कार. आपले मूळ गाव कोणते?"

यंत्रानं नम्रपणे कळवलं की आपल्याला गाव नाही.

सर खुर्चीत मागे रेलले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, हे हुशार हाय. बोलायला गोडबी हाय. पण ज्याला गावच न्हाई त्याची साक्ष कशी धरावी? उद्या खोटं निघालं तर भांडायला कुणाच्या दारात जायचं?"

ही फार जुनी गोष्ट नाही, तीनेक वर्षं झाली असतील. मी तेव्हा लातूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. माहेर नांदेडचं, सासर लातूरचं, आणि डॉक्टरेट अर्धवट. सर भाषेचे निवृत्त प्राध्यापक. गोलाईच्या बाजारापासून दोन गल्ल्या आत, एका डाळमिलच्या पाठीला त्यांचं घर होतं. घराच्या पुढच्या खोलीतून ते एक संशोधनपत्रिका काढायचे, तीन महिन्यांनी एक अंक. मी तिची सहसंपादक. म्हणजे मुद्रितं तपासणं, पाकिटांवर पत्ते लिहिणं आणि सरांचा चष्मा शोधून देणं. मिल सुरू असली की खोलीभर तुरीचा भुगा उडायचा. त्यामुळं आमचा प्रत्येक अंक हातात घेतला की आधी झटकावा लागायचा. एका वाचकानं कळवलं होतं, अंक पोचला, वाचला, फोडणी तेवढी राहिली.

सरांची बोलायची भाषा एक आणि लिहायची दुसरी. बोलताना "काय करून राहिलात?" आणि तेच पत्रात "आपण सांप्रत कोणत्या कार्यात व्यग्र आहात?" विद्यापीठातल्या कुणीतरी लेख यंत्रानं लिहिलाय की माणसानं ते ओळखणारं सॉफ्टवेअर आणलं, तेव्हा गंमत म्हणून मी सरांचं एक जुनं संपादकीय त्यात घातलं. ते लिहिलं तेव्हा लातुरात संगणकसुद्धा धड आले नव्हते. सॉफ्टवेअरनं निकाल दिला, बहुतांश यंत्रलिखित. सर हादरले. आत जाऊन काकूंना म्हणाले, "ऐकलं का, हे म्हणतंय मी यंत्र हाय."

काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला लग्नापासून ठाऊक हाय."

त्यानंतर ते सॉफ्टवेअर आमच्या खोलीत पुन्हा उघडलं गेलं नाही. सरांची स्वतःची पद्धत होती आणि ती काकूंवर चालायची. लेख आला की सर लेखकाला फोन लावायचे. "पान चार, परिच्छेद तिसरा. काय म्हणायचंय तुम्हाला? मला सांगू नका, मंडळींना सांगा." आणि फोन काकूंच्या हातात. भले भले पीएचडीवाले तिथं घाम पुसायचे. काकूंना कळलं तर लेख पुढं. नाही कळलं तर परत. नांदेडच्या एका प्राध्यापकांनी बिचाऱ्यांनी फार सोपं करून सांगितलं. काकू म्हणाल्या, "अवो हे तर आमच्या सासूबाईबी सांगायच्या." सरांनी लेखावर शेरा मारला, "नावीन्य नाही."

यंत्राला सरांचा विरोध होता असं मात्र नाही. उलट ते त्याला फार मान द्यायचे. त्याला 'आपण' म्हणायचे, काम झालं की 'आभारी आहे' लिहायचे, पोळ्याला त्याला शुभेच्छा दिल्या होत्या. इंग्रजी सारांश ते त्याच्याकडून तपासून घ्यायचे, आणि तपासून घेतला असं अंकात खाली छापायचेही. त्यांचं म्हणणं साधं होतं. "जावई समजा त्याला. पाट मांडा, सल्ला विचारा, चार शब्द ऐकून घ्या. पण सातबाऱ्यावर त्याचं नाव लावायचं न्हाई, आन तिजोरीची किल्ली द्यायची न्हाई." एका लेखकानं खरंच यंत्राला सहलेखक म्हणून टाकलं होतं. सरांनी त्याला विचारलं, "चुकलं तर माफी कोण मागणार? ते मागंल, पण त्याला लाज वाटंल का?"

मग त्यांनी एक अर्ज तयार केला. प्रत्येक लेखाबरोबर तो भरून द्यायचा. यंत्राची मदत घेतली का? कशासाठी? त्यानं जे सांगितलं ते तुम्ही स्वतः तपासलं का? कुठं जाऊन? कुणाला भेटून? शेवटचा रकाना होता, 'लाज वाटेल असे काही राहिले आहे काय?' बहुतेक लोक तिथं 'निरंक' लिहायचे.

मीही निरंकच लिहिलं होतं.

माझा डॉक्टरेटचा विषय मराठवाड्यातल्या बैलांची नावं. लोक हसतात, पण विषय चांगला आहे. माणूस मुलाचं नाव पत्रिका बघून ठेवतो, बैलाचं नाव मात्र बैलाकडं बघून ठेवतो. त्या उन्हाळ्यात एका कायम जागेची मुलाखत लागली आणि त्याआधी एक लेख छापून यायला हवा होता. गावोगाव हिंडून नावं गोळा करायची म्हणजे एक हंगाम जाणार. अंक छपाईला जायला होते पंधरा दिवस, आणि त्यातले आठ पेपर तपासण्यात गेलेले. मी यंत्रापुढं बसले. भाषा नीट करून घेतली. मग म्हटलं, चार संदर्भही विचारून घेऊ.

त्यानं संदर्भ दिले. त्यातला बारावा वाचून मी एकदम ताठ बसले. पुस्तकाचं नाव, 'बैलांची नावे आणि लोकमानस'. लेखक, आमचे सर! प्रकाशन नांदेडचं, साल तीसेक वर्षांपूर्वीचं. वर यंत्रानं त्या पुस्तकातलं एक निरीक्षणही दिलं, पान क्रमांकासकट. रेणापूर परिसरात तेजस्वी बैलास 'चंद्रकेतू' असे संबोधण्याची प्रथा आहे.

मला एकदाही शंका आली नाही, हे मी आज शपथेवर सांगते. सरांकडं बघितलं तर असं पुस्तक त्यांनी नक्कीच लिहिलं असेल असं कुणालाही वाटावं. उलट मला आनंद झाला. म्हटलं, सर खूश होतील. पुस्तक बघायला मागावं हे सुचलं नाही, कारण मागितलं असतं तर मी आधी वाचलं नव्हतं हे कळलं असतं. अर्जात मी लिहिलं, "यंत्राची मदत केवळ भाषा सुधारण्यासाठी."

सर माझा लेख तपासायला बसले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. लाल पेन घेऊन ते संदर्भांच्या यादीतून नांगर चालवावा तसे चालले होते. पाचव्याला पान क्रमांक चुकला म्हणून मला ओरडले. नवव्याचं पुस्तक कपाटातून काढून पडताळलं. मग बाराव्यावर आले आणि थांबले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. माझ्याकडं बघितलं नाही. गालातल्या गालात काहीतरी झालं, आणि लाल पेन तेराव्यावर गेला.

त्या वेळी मला काकूंपुढंही उभं केलं नाही. लेख सरळ छापला गेला.

अंक निघून पंधरा दिवस झाले असतील. खोलीतला फोन वाजला. सरांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते स्पीकर लावायचे.

"नमस्कार. मी रेणापूर तालुक्यातून बोलून राहिलो. जिल्हा परिषदेत मास्तर होतो, आता शेती बघतो. तुमच्या अंकात बैलांवर लेख हाय."

"हाव हाव," सर खुलले. "कसा वाटला?"

"लेख झ्याक हाय. पण ते चंद्रकेतूचं काय हाय? मी सत्तर वर्षं हितंच हाय. आमच्याकडं वानेरा हाय, बाळंक्या हाय, राजा-सर्जा तर गल्लोगल्ली हायत. चंद्रकेतू कुणाच्या दावणीला हाय ते सांगा, मी उद्या जाऊन बघून येतो."

सरांनी अंक ओढून लेखाचं पान काढलं.

"आन दुसरं," गुरुजी म्हणाले, "त्यात तुमच्या पुस्तकाचं नाव हाय. ते कुठं मिळंल? मला वाचायचंय."

फोन ठेवून सर माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही ते पुस्तक कुठं बघितलं?"

"एका… एका सूचीत मिळालं सर," मी म्हटलं. तेच तोंडात आलं.

"सूचीत हाय म्हणजे हाय," सर उठले. "माझ्याकडंच कुठंतरी असंल."

आणि आमचे सर स्वतःचं न लिहिलेलं पुस्तक शोधायला लागले.

पहिला दिवस कपाटं उपसण्यात गेला. दुसऱ्या दिवशी माळा. तुरीच्या भुग्यात बसून सर एकेक गठ्ठा सोडत होते आणि मी खाली उभी राहून घेत होते. त्यांना तोवर बरंच काही आठवायला लागलं होतं. तरुणपणी ते खरंच बैलांची नावं लिहून घ्यायचे. एक-दोन लेख झाले होते. कुठल्यातरी शिबिरात व्याख्यानही दिलं होतं. कुणीतरी ते गोळा करून छापलं असणार.

"मी असा विचार केला होता बघा, पुस्तक करावं म्हणून," ते माळ्यावरून म्हणाले.

"विचार तर तुमी वरचा मजला बांधायचाबी केला होता," काकू खालून म्हणाल्या. "तो कुठं हाय बघा बरं, घावतो का."

मला त्या रात्री झोप लागली नाही. तोवर मलाही कळायला लागलं होतं की असं पुस्तक बहुधा नाहीच. पण सर इतके उत्साहात होते की तोंड उघडवेना. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "चला, नांदेडला. प्रकाशक तिथला हाय."

नांदेडला त्यांचा एक जुना छापखानेवाला होता. पूर्वी पत्रिका त्याच्याकडंच छापली जायची. आता छापखाना बंद आहे, तिथं लग्नपत्रिकांचे नमुने लावलेले असतात. म्हाताऱ्यानं सरांना बघून खुर्ची पुसली, चहा सांगितला. सरांनी पुस्तकाचं नाव सांगितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडं छापलं होतं का हो हे?"

म्हाताऱ्यानं सरांच्या तोंडाकडं बघितलं. मग ठामपणे मान डोलावली. "हाव की! आठवतंय ना. छापलं होतं आपण. निळं मुखपृष्ठ होतं."

मी बघतच राहिले.

"निळं?" सर म्हणाले.

"निळं. वर बैलाचं चित्र. लई चाललं होतं सर ते. पण प्रत न्हाई राहिली. गोदावरीच्या पुरात सगळं गेलं."

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. परत येताना एसटीत ते खिडकीशी बसून स्वतःशीच पुटपुटत होते, "निळं मुखपृष्ठ." मी त्यांच्या शेजारी बसून मोबाइलवर त्या यंत्राला सरळ विचारलं, हे पुस्तक खरंच आहे का? उत्तर आलं. क्षमस्व, असे पुस्तक अस्तित्वात असल्याची मी खात्री देऊ शकत नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.

गैरसोय!

अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. आम्ही स्टँडवर चहा घेतला. सर म्हणत होते की दुसरी आवृत्ती काढायला हवी, प्रस्तावना नवी लिहायला हवी. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. सूची नव्हती. यंत्रानं सांगितलं होतं. मी तपासलं नव्हतं. अर्जात खोटं लिहिलं होतं. सांगता सांगता मी रडायला लागले. शेजारी भेळ खाणारी बाई आपली पिशवी सरकवून जरा जवळ आली.

सरांनी खिशातला रुमाल माझ्यापुढं धरला. चहा संपवला. कप नीट कट्ट्यावर ठेवला. मग मला विचारलं ते एवढंच, "मग ते निळं मुखपृष्ठ?"

त्यांनी तिथूनच म्हाताऱ्याला फोन लावला. स्पीकर चालूच होता. अर्धं स्टँड ऐकत होतं.

"खरं सांगा," सर म्हणाले. "छापलं होतं का?"

म्हातारा आधी खोकला. मग आवाज आला, "तुमी इतक्या आशेनं इचारलं सर. मला न्हाई म्हणवंना."

सरांनी फोन बंद केला. मला वाटलं आता ते माझ्यावर ओरडतील. ते म्हणाले, "यंत्रालाबी न्हाई म्हणवलं नसंल."

गाडी सुटली. चाकूर गेलं. मग सर म्हणाले, "उद्या रेणापूरला जायचं. त्या गुरुजींना तोंड दाखवायचं."

"फोन करू या ना सर."

"खोटं छापून पाठवलं आन खरं फोनवर? न्हाई."

दुसऱ्या दिवशी गुरुजी गोठ्यातच भेटले. उंच, काटक, डोक्याला रुमाल. देवणी जातीची जोडी दावणीला होती, चारा खात होती. पांढरी स्वच्छ जनावरं, तोंडाच्या दोन्ही बाजूला काळं. सरांनी आधी बैलांना हात जोडले, मग गुरुजींना. चपला काढून उभे राहिले आणि शाळेतला पोरगा कविता म्हणतो तसं एका दमात म्हणाले, "पुस्तक न्हाई. मी कधी लिहिलंच न्हाई. माझी चूक झाली."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. "आन चंद्रकेतू?"

"तोही नाही," मी म्हटलं.

"मग कुणी सांगितलं?"

"यंत्रानं."

गुरुजींनी वैरणीची पेंडी खाली ठेवली. "यंत्राला कशाला नावं ठेवायची? त्याला गोठा ठाऊक न्हाई. तुमाला तर एसटी हाय की!"

मला आजवर माझ्या लेखांवर तज्ज्ञांचे बरेच अभिप्राय आले. इतका नेमका कुणाचा नव्हता.

मग गुरुजींनी आम्हाला शिकवायला घेतलं. तोंडाच्या बाजूंना काळं असेल तो वानेरा. पोटाखाली काळे ठिपके असतील तो बाळंक्या. अंगभर कसेही ठिपके विखुरलेले असतील तो शेवरा. "हे झाले त्यांच्या जातीतले परकार. घरचं नाव वेगळं असतंय." ते डावीकडच्या बैलाकडं वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "राज्या."

बैलानं चारा चघळत मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

"ह्याला म्हणायचं पुरावा," गुरुजी म्हणाले.

आता इथं दुसरा कुणी असता तर नमस्कार करून निघाला असता. पण सर संशोधक. ते दोन पावलं पुढं गेले, घसा खाकरला, आणि व्यासपीठावरून बोलावं तसं म्हणाले, "चंद्रकेतू!"

बैल चारा खात राहिला.

"एकदा हाक मारून ठरत न्हाई," सर म्हणाले. ते उजवीकडच्या बैलासमोर गेले. "चंद्रकेतू!" तो बैल निवांत मुतला. सर बाजूला सरले, धोतर वर धरलं, आणि अंगणात येऊन, दोन्ही हात तोंडाशी धरून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "चंद्रकेतूऽऽऽ!"

शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. एका म्हातारीनं विचारलं, "कुणाचं पोरगं हारवलंय गं बाई?" दोन तरुण मोटारसायकल काढून शोधायला निघाले, त्यांना मी कसंबसं थांबवलं. गुरुजी खांबाला टेकून इतके हसत होते की त्यांचा रुमाल सुटला. सर मात्र गंभीर होते. वहीत लिहिलं, 'तीन हाका. प्रतिसाद शून्य.' मग गुरुजींच्या सुनेनं आम्हाला जेवायला बसवलं. धपाटे आणि दही. जेवताना गुरुजींनी मला बावीस नावं सांगितली, प्रत्येकामागची हकिकत सांगितली, आणि मी पहिल्यांदाच माझ्या विषयाची वही खरोखर भरली.

संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. गाडी अर्धी रिकामी होती. सर हातातल्या तिकिटाची घडी घालत होते, उलगडत होते. मग म्हणाले, "मॅडम, एक सांगू का? तो बारावा संदर्भ मी बघितला तेव्हाच मला वाटलं होतं, हे पुस्तक मला आठवत न्हाई. दुसऱ्याचं असतं तर मी तिथंच अडवलं असतं. कपाटात बघितलं असतं, फोन केला असता, खामखा चार दिवस छळलं असतं. पण माझंच नाव होतं. जन्मभर लोकांची पुस्तकं तपासली. आपलं एक असावं असं कुणाला वाटत न्हाई? म्हटलं, असंल. लिहिलं असंल आपण."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. सोयाबीनची रानं मागं जात होती.

"आन मग शोधायला लागलो," ते म्हणाले. "ते तीन दिवस लई बरे गेले."

शुद्धिपत्र सरांनीच लिहिलं. मला वाटलं होतं, नेहमीप्रमाणं कोपऱ्यात दोन ओळी येतील. त्यांनी पूर्ण पान घेतलं. त्यात लिहिलं होतं:

"गत अंकातील बैलांच्या नावांवरील लेखात संदर्भ क्रमांक बारा म्हणून दिलेला ग्रंथ अस्तित्वात नाही. लेखिकेने तो यंत्राकडून घेतला, तपासला नाही, व यंत्राच्या मदतीविषयी अर्धेच सांगितले. संपादकाने तो तपासला नाही, कारण त्यात संपादकाचे नाव होते व ते वाचून संपादकास बरे वाटले. रेणापूर परिसरात चंद्रकेतू नावाचा बैल आढळला नाही. संपादकाने स्वतः हाका मारून खात्री केली आहे. सदर लेख मागे घेण्यात येत आहे."

मुद्रित हातात घेऊन मी दोनदा वाचलं. माझा लेख गेला होता, म्हणजे मुलाखतीतले गुणही गेले होते. ते मला कळत होतं आणि का कोण जाणे, तितकंसं टोचत नव्हतं. टोचत होतं ते वेगळंच.

"सर," मी म्हटलं, "'बरे वाटले' एवढं काढू या का? संशोधनपत्रिकेत बरं नाही दिसत. 'अनवधानाने' लिहू या. सगळे तेच लिहितात."

"अनवधान कुठं होतं? मी चष्मा पुसून वाचलं होतं."

"पण लोक हसतील सर."

"हसू द्या." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. "ह्या पानात तेवढंच एक वाक्य कामाचं हाय. बाकीचं सगळं नुसतं शुद्धलेखन हाय."

ते तसंच छापलं. माझी मुलाखत हातची गेली. कायम नोकरी मिळायला पुढं दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत मी रेणापूरपासून कंधारपर्यंत गोठे पालथे घातले. पण आधी शुद्धिपत्राचं काय झालं ते सांगते, कारण तसं काही होईल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

अंक पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी उदगीरहून एका प्राध्यापकांचा फोन आला. आवाज चोरट्यासारखा होता. "सर, मागच्या वर्षीचा माझा लेख होता ना… त्यातबी एक हाय."

"एकच?" सर म्हणाले.

"दोन."

"का टाकले?"

पलीकडून सुस्कारा. "यादी लहान दिसत होती सर."

सरांनी मला खूण केली. मी लिहून घेतलं. संध्याकाळी दुसरा फोन आला. त्याचं कारण, मार्गदर्शकांचं नाव कुठंतरी यावं म्हणून. दुसऱ्या दिवशी निलंग्याच्या एक मॅडम. मुलाची परीक्षा होती, वाचायला वेळ नव्हता. मग एक ज्येष्ठ समीक्षक, ज्यांना आम्ही सगळे घाबरायचो. ते आधी दहा मिनिटं हवापाण्यावर बोलले, आणि मग म्हणाले की एक फ्रेंच ग्रंथ त्यांनी उद्धृत केलाय, पण त्यांना फ्रेंच येत नाही. "विद्वान वाटावं म्हणून," ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

आठवडाभर हेच चाललं होतं. सर प्रत्येकाला शांतपणे कारण विचारायचे, मी लिहायचे, आतून काकू म्हणायच्या, "अगं बाई, हेबी का?"

त्यानंतरच्या अंकाला सरांनी संपादकीय लिहिलं नाही. त्यापेक्षा चांगलं आपल्याला लिहिता येणार नाही म्हणाले. त्या जागी त्यांनी ही कारणं छापली, ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या नावासकट, एकाखाली एक. यादी लहान दिसत होती. वेळ नव्हता. विद्वान वाटावे म्हणून. आणि सगळ्यात वर, पहिल्या क्रमांकावर, स्वतःचं नाव आणि पुढं दोन शब्द.

बरे वाटले.